सानप सरांची गोल ज्योत

सानप सरांना फसवलं ते विज्ञान प्रदर्शनाच्या मुख्य परीक्षकानं. माल न बघता त्यानं भाव पाडला आणि वर मालच खोटा आहे म्हणाला. त्यामुळे सरांच्या हातून एक मनोरा गेला, तो पुन्हा मिळायचा नाही.

मी मलकापुरात कापसाचा धंदा करतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये हमाल म्हणून शिरलो, आज एक लहानशी जिनिंग माझ्या मालकीची आहे. मधली सगळी वर्षं घासाघीस करण्यात गेली. मला फसवायला येणारा माणूस मी फाटकातून आत येताना ओळखतो. या परीक्षकाला मात्र ओळखलं नाही, कारण फसवताना त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. असला माणूस बाजारात सगळ्यात महाग पडतो.

पण आधी सर.

आमची ओळख भांडणातून झाली. गावातल्या थिएटरात अंतराळाचा एक सिनेमा लागला होता, दुपारचा खेळ. नायकाचं यान बिघडलेलं, परत यायची आशा नाही, आणि समोरच्या पडद्यावर त्याची लहान मुलगी त्याला विचारते, बाबा, कधी येता. नायकाच्या गालांवरून धारा लागल्या. थिएटरात मुसमुस सुरू झाली. मीही रुमाल काढला होता, लाज कशाची. आणि माझ्या शेजारचा माणूस हसायला लागला. गालातल्या गालात नाही, खुर्ची हलेपर्यंत.

मी त्याची कॉलर धरली. "काऊन हसून राह्यला बे? तिथं माणूस मरून राह्यला."

"मरू द्या हो शेठ," तो म्हणाला, "पण त्याचे आसू बघा की. गालावर कसे उतरायलेत?"

"मंग कुठं उतरतीन?"

"तेच म्हणतो. तिथं उतरायला खालची बाजू कुठाय?"

मागून शिट्ट्या आल्या म्हणून कॉलर सोडली. मध्यंतरात मात्र मी त्याला गाठलंच. सडपातळ माणूस, डोळ्यांवर चष्मा, पांढरा शर्ट, खिशाला कर्कटक अडकवलेलं. त्यानं माझ्या हातातली पाण्याची बाटली मला न विचारता घेतली, कर्कटकाच्या टोकानं बुडाशी भोक पाडलं आणि झाकण उघडलं. भोकातून पाण्याची धार लागली. मग थिएटरच्या जिन्याच्या कठड्यावरून त्यानं ती बाटली खाली सोडून दिली.

पडेपर्यंत धार बंद होती. भोक तेच, पाणी तेच, पण थेंब बाहेर येईना. बाटली पानठेल्याशेजारी आपटली तेव्हा पाणी उडालं आणि ठेलेवाल्याच्या शिव्या वर आल्या.

"पुन्हा," मी म्हणालो. एकदा दाखवलेल्या नमुन्यावर मी कधी सौदा केलेला नाही.

बाकीचा सिनेमा आम्ही दोघांनी पाहिला नाही. जिन्यावर उभं राहून बाटल्या टाकत बसलो, आणि सर सांगत राहिले. "वर पृथ्वीची ओढ नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? ओढ तिथंबी आहे, इथल्यापेक्षा जराशीच कमी. ओढ नसती तर यान सरळ निघून गेलं असतं. ते पडायलंय शेठ. पण आडवं इतकं जोरात पळायलंय की पडता पडता पृथ्वीलाच वळसा घालायलंय, म्हणून जमिनीला लागत नाही. यान पडायलंय, आतला माणूस पडायलाय, त्याचा आसूबी पडायलाय. सगळेच संगं पडायला लागले तर कोण कोणाच्या अंगावर पडणार? आसू डोळ्यावरच गोळा होऊन बसतो. टिपून काढावा लागतो."

"म्हणजे सिनेमावाल्यानं मले खोटं रडवलं?"

"रडलात ते खरं. धार खोटी."

सर बीबीचे, लोणार तालुक्यातले. शाळेतल्या नोकरीसाठी मलकापुरात येऊन त्यांची उभी हयात गेली, पण बोली तिकडचीच राहिली, जालन्याकडं झुकलेली. आम्ही 'करून राह्यलो' म्हणायचो, ते 'करायलोय' म्हणायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "आमच्या तालुक्याचं तुम्ही नाव काढू नका. लोणारला वरून एवढा मोठा धोंडा येऊन पडला. पडण्याची परंपरा आमच्याकडं जुनी आहे."

आणि खरंच, पडणं हाच त्या माणसाचा छंद होता. हातात काही आलं की ते वरून सोडून खालच्या हातात झेलायचे. खडू, किल्ल्या, लिंबू. माझ्या टेबलावरची सरकीची वाटी एकदा अशीच सोडली आणि झेलायला चुकले. मी ओरडलो तर खाली बसून दाणे वेचता वेचता म्हणाले, "बघितलं का, वाटी आणि सरकी संगंच निघाल्या होत्या." वर्गात कोणी नापास होऊन रडत आला की त्याला सांगायचे, "पडताना माणूस हलका असतो बाबा. लागतं ते थांबल्यावर. तू अजून थांबला कुठं?" पोरांना ते कितपत कळायचं कोण जाणे, पण रडणं थांबायचं.

दर रविवारी सकाळी ते माझ्या ऑफिसात यायचे. चहा बशीत ओतायचे आणि मला वरच्या गोष्टी सांगायचे. सिनेमात माणूस वर गेला की गाणं लागल्यासारखा तरंगतो. खऱ्यात तो आधी ओकतो. तोंड सुजतं, नाक चोंदतं, कारण अंगातलं पाणी खाली उतरायचं विसरतं. प्रयोग करायचा तर आधी पाय पट्ट्यांत अडकवायचे, नाहीतर स्क्रू फिरवायला जावं तर स्क्रू जागेवर आणि माणूसच गरागरा. पेन ठेवला म्हणजे ठेवला असं नाही, चिकटवावा लागतो. झोपताना जवळ पंखा चालू पाहिजे, नाहीतर सोडलेला श्वास तोंडाभोवतीच घुटमळत राहतो.

"मंग एवढा उपद्व्याप करून तिथं जायचं काऊन?" मी एकदा विचारलं. "ओकारीसाठी?"

सरांनी बशी खाली ठेवली. "शेठ, लिलावाच्या वेळी मार्केट यार्डात तुम्हाला शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं का?"

"नाही येत. आरडाओरडा राह्यते."

"वजन म्हणजे तसला आरडाओरडा. गरम हवा वर, गार हवा खाली, जड गाळ तळाला, हलकं वरती. त्या गोंधळात ज्योत स्वतः कशी जळती, पाणी स्वतः कसं वागतं, ते ऐकूच येत नाही. तिथं यार्ड शांत असतं. आग तर तिथं बाईसारखी केस मोकळे सोडून नाचत नाही, सिनेमात दाखवतात तशी. गोल होऊन बसती. निळी. गपगार."

"ज्योत गोल?"

"गोल."

"दाखवा."

त्या एका शब्दानं मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला.

कारण त्याच सुमारास सरांना कळलं होतं, एक शिक्षणसंस्था मोठं विज्ञान प्रदर्शन भरवणार आहे. पहिल्या आलेल्या शाळेच्या शिक्षकाला आणि पोरांना दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत नेणार होते. तिथं वस्तू पाडायचा उंच मनोरा आहे. वरून पेटी सोडली की काही सेकंद आतलं सगळं तरंगत राहतं, आणि जिंकणाऱ्यांचा प्रयोग त्या मनोऱ्यातून खरोखर सोडणार होते. प्रदर्शन येत्या हिवाळ्यात होतं आणि सरांची निवृत्तीही त्याच हिवाळ्यात. एवढी वर्षं ज्यांनी जिन्यावरून आणि गच्चीवरून पाडापाडी केली, त्यांना एकदा ते लांब पडणं पाहायचं होतं. त्यांनी मला तसं सरळ सांगितलं. बाकी कशासाठी त्यांनी कधी हट्ट केलेला मी पाहिला नाही.

आणि त्यासाठी त्यांना माझं कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसचं शेड हवं होतं. उंच, आत वारा नाही, लोखंडी जिना, वर मचाण. आणि खाली पेटी झेलायला कापूस.

"टाका ना," मी म्हणालो. "काय टाकता?"

"पेटता दिवा."

ज्यांना जिनिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्या फाटकावर माणसाचे खिसे तपासतात. काडेपेटी, बिडी, लायटर, सगळं बाहेर. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली तर ती आत शिरते आणि दोन दिवसांनी भलतीकडूनच बाहेर येते. आणि हा मास्तर मला म्हणतो, मचाणावरून तुमच्या कापसावर पेटता दिवा टाकतो. मी टेबलावर हात आपटला. सरांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते बशीतला चहा संपेपर्यंत ऐकत राहिले.

दुसऱ्या रविवारी ते खांद्यावर पंचा टाकून आले. पूर्वी आमच्याकडं दलाल रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवत. बघणाऱ्याला आकडा कळू नये म्हणून. आता ती पद्धत गेली, पण माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या हाताला ती अजून समजते. सरांनी पंचा पसरला आणि त्याखाली हात पुढं केला. मला हसू आलं, आणि हसलेल्या माणसाचा सौदा तिथंच ढिला पडतो. मी त्यांचं एक बोट दाबलं, म्हणजे एक रविवार. त्यांनी माझा अख्खा हात धरला.

"पंजा म्हणजे पाच," मी म्हणालो. "पाच रविवार लय झाले."

"मी पंजा नाही दाबला शेठ. मी हात धरला. जमेपर्यंत सोडणार नाही."

माझ्या अटी मी घातल्याच. हंगाम संपल्यावर, गंज्या उठल्यावर. खाली चांगला कापूस नाही, किडका-डागी कवडी कापूस, तोही ओल्या पोत्यांत भरलेला. दिवा काचेच्या बरणीत, बरणी पत्र्याच्या डब्यात, डबा मोठ्या खोक्यात. आणि खाली चौकीदार गुलाबराव पाण्याची बादली घेऊन उभा. सर प्रत्येक अटीला मान हलवत होते. खोक्यात डबा तर त्यांना हवाच होता, म्हणजे वारा खोक्याला लागतो आणि आतला डबा सुखानं पडतो. माझी अट म्हणून तेही त्यांनी माझ्याच पदरात घातलं. घासाघीस त्यांना येत नाही असं मी समजत होतो.

उन्हाळाभर आम्ही दिवा पाडला. डब्यात ज्योतीसमोर मोबाईल बांधलेला, चित्र घेणारा. मचाणावरून सर ओरडायचे, "सोडलं." सव्वा सेकंदात धप्प. आणि त्याच क्षणी गुलाबराव बादली ओतायचा.

"अरे, विझलेला असतो दिवा," सर वरून सांगायचे.

"हाव जी," गुलाबराव म्हणायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा ओतायचा. जन्मभर जिनिंगची राखण केलेला माणूस, ज्योत खाली येताना पाहून हात आवरायचा कसा. एकदा तर त्यानं खोकं हवेत असतानाच बादली फेकली. मोबाईल भिजून मेला. तो माझा होता.

"गुलाबराव, तू अंतराळात चालणार नाही," सर म्हणाले.

"नाही का चालंना सर," गुलाबराव म्हणाला, "पण शेठची जिनिंग राहीन."

घरी मला विचारणा झाली, "कारखाना बंद असताना दर रविवारी ओले होऊन काऊन येऊन राह्यले?" दिवा पाडतो म्हणालो तर पुढं दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही.

कधी डबा कलंडायचा, कधी ज्योत सुटतानाच विझायची, कधी चित्रात नुसता अंधार. एका रविवारी मात्र सर मचाणावरून उतरले, पोत्यांवर बसले, मोबाईल पुसून चित्र अगदी सावकाश चालवून पाहिलं आणि माझ्याकडं दिलं.

सुरुवातीला देवघरातल्यासारखीच ज्योत होती, उंच, पिवळी. मग डबा सुटला. ज्योत दचकल्यासारखी आखडली, पिवळेपणा निघून गेला, आणि वातीच्या टोकावर एक निळं बोर उरलं. पिकलेल्या बोराएवढं, तितकंच गोल, इतकं फिकट की डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना. वर नाही, खाली नाही, कुठंच जायची घाई नाही. मी आयुष्यात हजारो दिवे पाहिले असतील. दिवा असा बसलेला कधी पाहिला नव्हता.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

गुलाबरावानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे तं विझवावंच वाटत नाही जी," तो म्हणाला, आणि बादली भिंतीशी नेऊन ठेवली.

प्रदर्शन हिवाळ्यात भरलं. माझ्या जीपमधून आम्ही खोकं, डबा आणि वर्गातली पोरं घेऊन गेलो. आमच्या शेजारच्या टेबलावर थर्माकोलचं भलं मोठं यान होतं. शेपटीला लाल-पिवळ्या रेशमी फिती, खाली पंखा, फिती फडफडायच्या आणि स्पीकरमधून धडामधूम आवाज. पोरांची गर्दी तिथंच. सरांनीही कौतुक केलं. "फितीचं शिवणकाम झकास आहे," म्हणाले.

मुख्य परीक्षक आले. यानासमोर उभं राहून फोटो काढून घेतले. मग आमच्याकडं. सरांनी चित्र दाखवलं. परीक्षकांनी मोबाईल हातातही घेतला नाही, लांबूनच पाहिलं आणि हसले.

"हे कॉम्प्युटरवर केलंय, सर."

"नाही साहेब. जिनिंगच्या शेडात पाडून केलंय."

"अहो, अंतराळाचे सगळे सिनेमे मी पाहिलेत. आग अशी असते का?"

"तिथं चुकायलेत ते," सर शांतपणे म्हणाले. "समोर जिना आहे. खोकं आणलंय. आत्ता पाडून दाखवतो. तुमचा मोबाईल बांधा, म्हणजे शंका नको."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. जेवणं लागली होती. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि गेले. सरांना पुढचं वर्ष नव्हतं. संध्याकाळी यानाला पहिला क्रमांक मिळाला. आमच्या प्रयोगावर शेरा पडला, 'विश्वासार्ह नाही.'

मी उठलोच होतो. सरांनी माझा हात धरला, पंचा नसताना. परतीच्या वाटेवर पोरं पेंगत होती आणि मी स्टिअरिंगला शिव्या देत होतो.

"शेठ, तुम्ही तरी थिएटरात काय केलं होतं?" सर म्हणाले. "माझी कॉलरच धरली होती की."

"धरली. पण मंग जिन्यावर येऊन पाह्यलं. त्यानं नाही पाह्यलं."

सरांनी मागं वळून एका पेंगणाऱ्या पोराची मान सरळ केली. मग म्हणाले, "हे बरोबर बोललात." नांदुऱ्याला भजी खाल्ली तेव्हा ते पुन्हा हसत होते. मी नव्हतो. मला अजूनही जमत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले. शाळेत सत्कार झाला, भाषणं झाली. तिथून ते थेट जिनिंगवर आले, अंगावर शाल, हातात नारळ. ऐन हंगाम होता, आवारात प्रेसच्या भिंतीलगत कापसाची गंजी छपराच्या निम्म्यापर्यंत आली होती. त्यांनी शाल आणि नारळ गुलाबरावाकडं दिलं, चपला काढल्या आणि प्रेसच्या छपराच्या स्लॅबवर चढायला लागले.

"सर, आज काय पाडून राह्यले?" मी खालून विचारलं. "डबा कुठाय?"

"आज डबा नाही."

मला कळेपर्यंत उशीर झाला. "अहो मास्तर, हाडं मोडतीन. खाली उतरा. म्हाताऱ्या माणसाचं कापसात काय काम—"

पांढऱ्या शर्टातला तो सडपातळ माणूस स्लॅबच्या कडेला उभा राहिला, हात सैल सोडले आणि एक पाऊल पुढं टाकलं. हमाल काम सोडून बघत होते. पडताना शर्ट फुगला, बस. मग गंजीनं त्यांना गिळलं. मी धावलो, गुलाबराव शालीसकट धावला. वर फक्त एक खळगा दिसत होता.

खळग्यातून आधी केस आले, मग चष्मा नसलेलं तोंड. भुवयांना, मिशांना, कानांना कापूस. आयुष्यभर हे त्यांनी दुसऱ्या वस्तूंना करायला लावलं होतं. छातीपर्यंत कापसात रुतून ते माझ्याकडं बघत होते, हत्तीवरून उतरलेल्या पोरासारखे.

"शेठ, पोट वर येतं," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलं होतं, पण खरंच येतं. एवढ्या सिनेमांत एकाचंबी पोट वर येताना दाखवलं नाही." आणि आपल्याच बोलण्यावर इतके हसले की पुन्हा आत घसरले.

आता ते बीबीला असतात. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं, गंजीत गळ्यापर्यंत, हसताना.

म्हणून मला सरांबद्दल काही वाईट वाटत नाही. माझा हिशेब दुसऱ्याशी आहे. परीक्षकसाहेब, आमच्या बाजारात अडाण्यातला अडाणी व्यापारीसुद्धा ढिगात हात घातल्याशिवाय कापूस नाकारत नाही. वरचं बोंड पाहून भाव पाडणाऱ्याला आम्ही यार्डात उभं करत नाही. जिना तुमच्यासमोर होता, खोकं तयार होतं, माणूस पाडायला उभा होता, आणि सव्वा सेकंद लागणार होता. तुम्ही जेवायला का गेलात? याचं उत्तर मला नको. बीबीला जा, सरांच्या घरी जा, आणि त्यांच्यासमोर उभं राहून द्या.